बाईंची पेटी, माझा फोन

३ जानेवारी
आमच्या वर्गाचा मेळावा १९ तारखेला. बाई येणार! वय अठ्ठ्याऐंशी. चौथीत त्यांनी पेटीवर शिकवलेली कविता मी वाजवणार, बाकीचे म्हणणार. बाईंचा सर्वांत लाडका मीच. वर्गातला वकील म्हणाला, मी माउथऑर्गन आणू का? ती चांदण्यावरची कविता शिकताना हा डबा खात होता.

४ जानेवारी
नातीने फोनमध्ये संगीताचं ॲप घालून दिलं. दोनशे वाद्यं तयार. पेटीच्या नावाखाली जे वाजतं ते सर्दी झालेल्या मिक्सरसारखं. लोक याला संगीत म्हणतात. नात म्हणाली, आबा, आपल्याला हव्या त्या वाद्याचे स्वर रेकॉर्ड करून यात घालता येतात, त्याला सॅम्पल म्हणतात. ठरलं. बाईंचीच पेटी घालणार.

७ जानेवारी
शाळेत जाऊन आलो. पेटी अडगळीच्या खोलीत, फाटक्या नकाशांखाली. शिपाई कुलूप हातात घेऊनच उभा. काका, आटपा, म्हणे. रसिकता शून्य. एकेक स्वर फोनमध्ये घेतला. रेकॉर्डिंग सुरू करायचं, डोळे मिटून बाईंचं स्मरण करायचं, मग पट्टी दाबायची. तेवीस स्वर, तेवीस स्मरणं.

९ जानेवारी
नात म्हणते, प्रत्येक स्वराआधी तीन सेकंद नुसती शांतता आहे, ती कापा; नाहीतर बोट आत्ता ठेवाल आणि स्वर तीन सेकंदांनी येईल. स्मरण कापू? या पिढीला शांतता म्हणजे रिकामा डबा. कापणार नाही. मी तीन सेकंद आधी बोट ठेवीन. त्यात काय आहे?

१३ जानेवारी
सराव. बोट पुढे, स्वर मागे. दुसऱ्या कडव्यात जे वाजतं ते कुठल्या ओळीचं हे मलाही सांगता येत नाही. पण भाव पोचतो. सुनेने विचारलं, बाबा, फोन बिघडलाय का? नात म्हणाली, द्या इकडे, दहा मिनिटांत कापून देते. फोन उशीखाली ठेवला.

१६ जानेवारी
पहिली ओळ जवळजवळ जमली. उरलेल्या अकरा प्रत्यक्ष मेळाव्यात आपोआप जमतील. कलेत असंच असतं.

१९ जानेवारी, संध्याकाळ
मेळावा झाला. मंडळींना थांबायची सवयच नाही. कविता म्हणून सगळे खाली बसले तेव्हा मी शेवटच्या कडव्यात शिरत होतो. वकील म्हणाला, कविराज, तुमची गाडी सावकाश येऊ द्या, आम्ही चहा घेतो. हसले सगळे. माठ.

पण बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. म्हणाल्या, ही आपल्या शाळेचीच पेटी. डोळे पुसले. पुन्हा वाजवायला लावलं. वकिलाचं तोंड बघण्यासारखं होतं.

मग बाईंनी मला जवळ बोलावलं. वकिलाला अरे-तुरे, चाळीस वर्षं परदेशात राहिलेल्या डॉक्टरीणबाईंना अगं-तुगं, आणि मला 'तुम्ही'. केवढा आदर.

रात्री ९
बाई नेमकं काय म्हणाल्या ते लिहून ठेवलेलं बरं. "फार छान केलंत. तुम्ही यांच्यापैकी कुणाचे यजमान?"

वकील म्हणाला, बाई, हा आपल्याच वर्गातला, चौथीपासूनचा.

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. चष्मा लावून. मग म्हणाल्या, "असेल."