स्वातंत्र्याच्या झग्यावरची फुलं

पॅरिस, ६ मेसिडोर, प्रजासत्ताकाचं दुसरं वर्ष

प्रिय वन्सं,

सलाम आणि बंधुभाव. हल्ली पत्राची सुरुवात अशीच करायची असते, आणि सगळ्यांना अरे-तुरे करायचं असतं. पण तुम्हाला 'तू' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हे पत्र टपालानं न पाठवता तुमच्या गावच्या गाडीवानाच्या हाती देतेय, म्हणून चालेल.

चीज पोचलं. बाळाला दोन दात आलेत. फिरमँ अजून तुरुंगातच आहे. उद्या सकाळी त्याला न्यायासनापुढे उभं करणार आहेत.

तुम्ही लिहिलंत, "माझा भाऊ पहिल्यापासून धांदरट, टाकल्या असतील पाट्या." ते वाचून मला राहवेना.

चित्रं कोरून छापायला नवं तांबं मिळेना, सगळं तोफांसाठी गेलं. म्हणून आम्ही मामंजींनी कोरलेला जुना पत्रा काढला, 'राजनिष्ठे'च्या चित्राचा. बाई तीच ठेवायची. मुकुटाच्या जागी क्रांतीची टोपी, राजदंडाचा भाला, खाली नाव 'स्वातंत्र्य'. फिरमँ म्हणाला, "हिचं काय, ज्याचं राज्य त्याची ही. नाक तेवढं जरा ताठ करतो." खूप हसलो आम्ही.

झग्यावर राजघराण्याची लिलीची फुलं होती, चाळीस. ती घालवायचं काम माझं. आधी खरवडायचं, मग मागून ठोकून खड्डा वर आणायचा, मग घोटायचं. पावाच्या रांगेतला नंबर जाईल म्हणून खालच्या घडीतली नऊ फुलं मी नुसती वरवर घासली. चित्रं रंगवणारीही मीच. म्हटलं, निळ्या रंगाखाली कोण बघतंय?

"झालं का गं नीट?" त्यानं विचारलं होतं. मी हो म्हटलं.

रंगीत प्रती हातोहात खपल्या. मग आमच्या पेठेच्या समितीनं शाळांसाठी दोनशे बिनरंगी मागवल्या. छापणाऱ्यानं त्या आम्हाला न दाखवता थेट समितीकडे पोचवल्या. स्वातंत्र्यदेवीच्या झग्यावर राजाची नऊ फुलं, फिकट, पण सहज मोजता येतील अशी.

समितीची माणसं आली. "ही फुलं ठेवली कुणी?"

फिरमँनं पत्रा हातात घेतला, खालची घडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "मी," म्हणाला.

मी तिथेच उभी होते वन्सं, बाळाला घेऊन. बाळाचं निमित्त सांगता येईल. पण खरं सांगते, मी घाबरले.

परवा हिय्या करून समितीकडे गेले. कारकून बरा माणूस, बसायला स्टूल दिलं. म्हणाला, "तुझं नाव लिहितो हवं तर. पण त्याचं खोडलं जाणार नाही, त्याच्याखाली तुझं चढेल. मग पोराला कोण बघणार?" मी उठून घरी आले. काल त्याचे मळके कपडे धुवायला आले, त्याबरोबर निरोप होता, गप्प राहा.

गाडीला चार दिवस लागतात. तोवर त्याचं काय ते झालेलं असेल. मला आशा नाही. या महिन्यात आमच्या ओळखीचं तिथून कुणी परत आलेलं नाही. त्याच्या हातून आजवर एक रेघ चुकली नाही, एवढं गावात सगळ्यांना सांगा. चूक कुणाची, तेही सांगा.

'तुमची भावजय' असं लिहायला हात धजत नाही.

ऑर्तांस