टर्निपला मैदानाबाहेर काढल्याबद्दल

तीर्थरूप रॉइसदादा,

धाकट्या बहिणीचा तुला नमस्कार, आणि तुझ्या नव्या गुडघ्याला वेगळा. अटलांटात लेकीकडे तुला मक्याच्या कॉर्नब्रेडमध्येही साखर घालून वाढतात असं कळलं. देव त्यांना क्षमा करो. इकडे कोंबड्या अंडी देताहेत, छप्पर गळत नाही, आणि शनिवारपासून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय. का, ते लिहिते. बसून वाच, उभ्याने वाचलंस तर तो गुडघाही जाईल.

चाळीस वर्षं तू कुत्रे घेऊन लावे पक्षी हुडकायच्या स्पर्धांना जात होतास आणि मी तिथल्या तंबूत स्ट्यूचं पातेलं ढवळत होते. मैदानात काय चालतं ते मी कधी विचारलं नाही. यंदा गुडघा बदलायला निघालास आणि जाता जाता फर्मान सोडलंस, की तुझ्या टर्निप कुत्र्याला ओडेसा, म्हणजे मी, मैदानात उतरवील. नंबर आला तर टेक्ससचा तो कुत्र्यांचा शौकीन डॉक्टर त्याला विकत घेऊन जाईल, मोठमोठ्या स्पर्धांत पळवील, कुत्र्याचं सोनं होईल. (आठ महिने त्याला चारलं कुणी, पंजातले काटे काढले कुणी, ते राहू दे. मी काही बोलले का?)

मला आपलं वाटलं, कुत्रा पळणार, माणसं बघणार, संपलं. कुठलं काय! आधी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात, मग दोन-दोन कुत्रे अर्धा-अर्धा तास सोडतात. मालक घोड्यावर, पंच घोड्यावर, मागे बघे घोड्यावर. नवरदेव नसलेली वरातच म्हण. कुत्र्याला गवतात लाव्यांचा वास आला की त्याने दगडासारखं थिजायचं. मग आपण हॅट उंच करून ओरडायचं, उतरून गवत तुडवायचं, लावे उडाले की खोट्या बाराचं पिस्तूल हवेत उडवायचं. एकही लावा मारायचा नाही! एवढी यातायात करून संध्याकाळी पातेल्यात काय, तर कोंबडीच. आणि कुत्र्याने मात्र पाखरं उडोत, बार उडो, जागचं हलायचं नाही. एक कुत्रा थिजलेला दिसला की दुसऱ्यानेही असेल तिथे थांबून त्याला मान द्यायचा. माणसांत ही रीत असती तर आपल्या चर्चमध्ये निम्मी भांडणं झाली नसती.

बाकी सगळं एक वेळ सोसलं, पण पंचांशी बोलायचं नाही म्हणे! बत्तीस वर्षं मी शाळेच्या भटारखान्यात सहाशे पोरांना ओरडून ओरडून जेवू घातलं, ती मी गप्प बसू? तो पंच, आल्स्टन क्रम, उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. "मॅडम, आपण मागे राहावं," एवढंच तीनदा म्हणाला.

आमची जोडी लागली थर्लो गॅस्किन्सच्या कुत्रीशी. तोच थर्लो, ज्याला चष्मा लागलाय हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, फक्त त्याला नाही. सुटल्यापासून टर्निपने बारा मिनिटांत दोन थवे हुडकले. शेपूट अशी उभी, की बघे माना उंचावून बघू लागले. पंचांनी वहीत काहीतरी लांबलचक लिहिलं. हा आता पहिला येतोय हे दिसलं आणि मी देवाचा धावा सुरू केला. (आनंदानेच.)

मग आला रानप्लमच्या झुडपांच्या जाळीचा चढ. वर जाळीच्या कडेला एक पांढरा कुत्रा थिजलेला, मान ताठ, शेपूट आभाळाला. टर्निपने तो पाहिला आणि जागच्या जागी थांबून मान दिला. थर्लोला वाटलं, आपलीच कुत्री! त्याने हॅट उंचावली, आरोळी ठोकली, उतरून पाच मिनिटं जाळी तुडवली. लावा काही उडेना. मग त्याने नुसताच बार काढला. तो कुत्रा पापणीसुद्धा हलवीना. क्रम दुसऱ्या पंचाला म्हणाला, "वीस वर्षांत असा ठाम कुत्रा पाहिला नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय! तेवढ्यात थर्लोची खरी कुत्री मागून आली, त्या ठाम कुत्र्याला हुंगलं आणि त्याच्या सावलीत पसरली. तेव्हा कुठे साऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की तो प्लायवूडचा आहे.

आता मला सांग, यात टर्निपचा काय गुन्हा? पंच फसला तो पंचच राहिला, थर्लो फसला तो हसून मोकळा झाला, आणि कुत्रा फसला म्हणून त्याची स्पर्धा बाद! कारण तो तिथून हलेचना. ओढलं, चुचकारलं, बेकन दाखवलं. समोरचा हलत नाही तोवर हा कसा हलेल? त्याला तू शिकवलंस ते त्याने केलं. मी क्रमला स्पष्ट विचारलं, की मान द्यायच्या आधी समोरचा लाकडाचा आहे का ते तपासावं, असं तुमच्या पुस्तकात कुठे लिहिलंय? तो म्हणाला, "मॅडम, कुत्रा घरी न्या." मी उचलूनच आणला. पंचवीस किलो! माझ्या कंबरेची चौकशी तू पत्रात करशीलच.

असल्या लोकांत तू चाळीस वर्षं काढलीस, धन्य तुझी. सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी बहीण,
ओडेसा

ता. क. टेक्ससच्या डॉक्टरचा फोन आला होता. मी खरं तेच सांगितलं, की कुत्रा फळीपुढे हात जोडून उभा राहतो. त्याला आता हा कुत्रा नको आहे. तेव्हा टर्निप माझ्याकडेच राहील, असं दोन ओळींत लिहून पाठव. हे पत्र लिहिताना तो माझ्या पायांवर झोपलाय, पाय बधिर झालेत, पण उठवणार कोण?

ता. ता. क. तू विचारशीलच, म्हणून लिहिते. होय, तो प्लायवूडचा कुत्रा तुझ्याच गोठ्यामागचा, ज्याच्यापुढे उभं करून तू टर्निपला मान द्यायला शिकवलंस तो. तो चढावर कसा गेला, हे मला विचारू नकोस. चर्चला जाणारी बाई आहे, खोटं बोलता यायचं नाही. तुझा चांगला हातोडा मात्र त्या प्लमच्या जाळीत राहिलाय, बरा झालास की घेऊन ये. आणि टर्निपला यातलं काही सांगू नकोस. त्याला अजून वाटतं, आपण अगदी खरेखुरे हरलो.