तुमच्या थकव्याचं गाऱ्हाणं

अहो,

तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही, तेव्हा पत्रातही 'अहो'च. उद्या शिमग्याची पालखी आपल्या अंगणात येते आहे. तुमच्या माघारी पहिलीच. त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं, नाहीतर उद्या माझा धीर सुटेल.

गेल्या शिमग्याला मुंबईहून आलात ते कायमचेच. घरचा पुरुष म्हणून पालखीला खांदा दिलात, पण तुळशीच्या पुढे काही नाचवता आली नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन मटकन खाली बसलात. "बसून खाल्लान मुंबयला, आता जोर कुटला?" म्हणत सगळे हसले. किती लागलं असेल तुम्हाला!

मग सगळ्यांनी एकच औषध ठरवलं, घाम गाळायचा. पेरणीआधी शेत भाजायचं, त्या भाजावळीसाठी फांद्या तोडायला तुम्हाला डोंगरावर धाडलं. सासूबाई पेजेची वाटी पुढे करून म्हणायच्या, "बाबू, बसशील तर गंजशील." त्या माउलीला तरी काय ठाऊक?

पण तुम्हाला ठाऊक होतं ना? मुंबईच्या डॉक्टरांनी एड्सचं नाव सांगितलं होतं. मग मला का नाही सांगितलंत? राग आहे मला तुमचा. अजून आहे.

शेवटी रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. तुमच्या अंगातलं रक्त पार उतरलेलं, तिन्हीसांजेला ताप, जुलाबांमुळे खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. "आणि निम्मा थकवा मनाचा," त्या म्हणाल्या. भीतीने झोप नाही, आणि दिवसभर आम्हाला कळू नये म्हणून धडपड. अहो, गवताचा भारासुद्धा माणूस वाटेत उतरवतो. तुम्ही कधी टेकलातच नाही.

माझंही रक्त तपासलं. होय, मलाही आहे. कळशी घेऊन घाटी चढताना मध्येच बसावं लागतं. परवा शेजारीण म्हणाली, "तुजीबी सोंगं चालू झाली काय?" डोळ्यांपुढे तुम्हीच आलात. म्हटलं, नाही! हे पुन्हा नाही.

तशीच गुरवांकडे गेले. पालखीपुढे आपल्या घराचं गाऱ्हाणं घालाल तेव्हा आजाराचं नाव घ्या, म्हटलं. ते चपापले. "वयनी, लोकं विहिरीवर येव देनार न्हाईत तुमाला." भीती मलाही वाटते. पण देवापासूनच लपवायचं तर गाऱ्हाणं घालायचं कशाला? सासूबाई सोबत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "घाल रं गाऱ्हाणं. माजा बाबू आळशी नव्हता." मग मात्र गुरव हो म्हणाले.

तेव्हा उद्या ऐका. या घरचा लेक आळशी नव्हता, आजारी होता. सूनही आजारी आहे, दमली की बसेल, तिला कोणी बोल लावू नये. गाऱ्हाण्याला गावाला एकच उत्तर देता येतं. तुम्हाला हसले होते तेच हात जोडून म्हणतील, "व्हय म्हाराजा!"

आणि गप्प राहिले तर? तर मी एकटी म्हणेन, मोठ्याने. आणि दमले तर तुम्ही बसला होतात तिथेच, तुळशीपाशी बसेन. मान वर करून.

तुमची,
सुनंदा