गोतिल्ला महिपतियाना

ता. ५ ऑगस्ट १९३४

आजपासून रोजनिशी. कारण शास्त्रीय आहे. काल कचेरीच्या कामासाठी वळसंगला गेलो असता बोरीच्या झुडपाखाली एक वनस्पती सापडली. वीतभर उंच, चौकोनी दांडे, पान एकही नाही, आत रसच रस. आमच्या गावी साताऱ्यात मी असे काही पाहिलेले नाही. अर्थात शास्त्राला ती अज्ञात असावी. रुमालात बांधून आणली. रुमाल सौ.चा होता हे घरी आल्यावर कळले.

नवे साहेब धारवाडहून बदलून आले आहेत. त्यांना झाडांचे वेड आहे. दिवाळीनंतर हेडक्लार्कची जागा भरायची आहे. या दोन गोष्टींचा मी संबंध जोडत नाही. नुसती नोंद.

ता. ६ ऑगस्ट

सौ.ला संबंध समजावून सांगितला. हेडक्लार्कला कचेरीमागचे क्वार्टर मिळते आणि त्यात स्वतंत्र नळ आहे. इथे सामाईक नळावर तिची घागर नेहमी शेवटी लागते. म्हणाली, “नळ मिळणार असेल तर खुशाल लावा. फक्त माझ्या तुळशीत नको.”

तुळशीत लावली नाही. कोथिंबिरीच्या कुंडीत लावली.

ता. ७ ऑगस्ट

कोथिंबिरीवरून बोलणी खाल्ली. शास्त्रज्ञांना हे चुकलेले नाही.

संकल्प: सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी. शिवाय चहाचा चोथा.

ता. १४ ऑगस्ट

एक दांडा पिवळा पडून आडवा झाला. विश्रांती घेत असावा. पाणी वाढवले.

ता. १७ ऑगस्ट

आणखी दोघांची विश्रांती. सौ. म्हणते, झाड बुडून मरतंय. तिला अंदाज नाही.

ता. २४ सप्टेंबर

गणपतीच्या मेळ्यात मी सेक्रेटरी. नंतर मेळ्यातील भांडणे मिटवण्यातही मीच सेक्रेटरी. झाडाकडे पाहायला सवड झाली नाही. आज पाहतो तो उरलेले दांडे टणक, हिरवेगार, शेंड्याला कळ्यांचा झुपका! ऑगस्टमधल्या मेहनतीचे फळ आता दिसू लागले.

ऑक्टोबरअखेर झाडाफुलांचे प्रदर्शन आहे. परीक्षक खुद्द साहेब. नाव शोधणे आले.

ता. २५ सप्टेंबर

नाव मिळाले!

घरमालक शरणप्पा यांच्या मातोश्री काशम्मा यांना कानडीखेरीज भाषा नाही. बदलून आल्यापासून माझे कानडी दोन वर्षांत चांगलेच तयार झाले आहे. कुंडी दाखवून विचारले, “इदु एनु?” म्हणजे हे काय. म्हातारीने कुंडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि लगेच म्हणाली, “गोतिल्ला.”

क्षणभरसुद्धा अडखळली नाही. म्हणजे नाव चांगले प्रचारात आहे.

ता. २६ सप्टेंबर

एकाच साक्षीवर शास्त्र चालत नाही. दूध घालणाऱ्या अक्कम्माला विचारले. तीही म्हणाली, “गोतिल्ला.” मग शरणप्पांचा रंगीत पानांचा क्रोटन दाखवला. तोही गोतिल्ला! म्हणजे हे एका झाडाचे नाव नसून सबंध घराण्याचे आहे. शोध वाटला होता त्याहून मोठा निघाला.

ता. ३० सप्टेंबर

शरणप्पा दुकानातून कधी येतील, असे काशम्माला खुणेने विचारले. म्हणाली, “गोतिल्ला.” म्हातारीच्या डोक्यात सारखे माझे झाड आहे. बरे वाटले.

ता. २ ऑक्टोबर

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, ते नाव नसावं. नळाला पाणी कधी येणार विचारलं तरी काशम्मा तेच म्हणते.” महत्त्वाची माहिती. ही वनस्पती नळाजवळही उगवत असावी. जाऊन पाहिले. शेवाळ होते.

सौ. आणखी काही सांगू पाहत होती. शास्त्राच्या कामात मध्ये बोलू नये, असे शांतपणे सांगितले. तिने जेवण शांतपणे वाढले. भाजी नव्हती.

ता. १९ ऑक्टोबर

फूल उमलले. जांभळट काळे, मखमलीसारखे. पाहायला माशासुद्धा येतात.

मला सर्दी आहे. घरातल्यांचे म्हणणे, कुठेतरी उंदीर मेला आहे. सौ.ने फळीवरचे सगळे डबे उतरवले. उंदीर सापडला नाही.

ता. २१ ऑक्टोबर

शरणप्पा नाकाला उपरणे लावून वर आले. “अवो रावसाहेब, काय ठेवलाय हितं? आमची आई जेवंना की!” गटारीबद्दल म्युनिसिपालटीत कडक अर्ज केला.

ता. २३ ऑक्टोबर

अर्जाचा परिणाम झाला. माणसे येऊन गटार धुऊन गेली. शरणप्पा म्हणतात, वास तसाच हाय. काही लोकांचे समाधान कधीच होत नाही.

ता. २६ ऑक्टोबर

लेबल तयार. वर ठळक ‘गोतिल्ला’. खाली बारीक अक्षरात ‘महिपतियाना’, माझ्या नावावरून. नम्रपणा म्हणून बारीक.

धोंडीराम मला ज्युनिअर. पक्का अक्कलकोटचा, तरी त्याला झाडांतले काही कळत नाही. लेबल वाचून खोकला. म्हणाला, “महिपतराव, हे असंच ठेवणार? मी काय म्हणतो, एकदा कुणाला तरी विचारा की.” मत्सर.

ता. २७ ऑक्टोबर

प्रदर्शन. सविस्तर लिहीत आहे, कारण पुढे उपयोगी पडेल असे सकाळी वाटले होते.

माझी कुंडी संयोजकांनी फराळाच्या टेबलाशेजारी ठेवली. फराळाला कोणी फिरकले नाही. लोकांना भूक नसावी. साहेबांच्या मडमेने रुमाल नाकाशी धरला आणि ती गुलाबांकडे गेली.

साहेब आले. ठळक अक्षरे वाचली. थांबले. मग खो खो हसले. मराठीत मोठ्याने म्हणाले, “इतकी वर्षं नोकरी केली, पण ‘मला ठाऊक नाही’ असं कागदावर लिहून देणारा कारकून आज पहिल्यांदा भेटला. असा माणूस हेडक्लार्क पाहिजे.” सर्वांनी टाळ्या वाजवल्या. सौ. बायकांत उभी होती. तिने पदराने डोळे टिपले.

साहेबांचा काही गैरसमज झाला आहे, हे माझ्या ध्यानात आले. शास्त्राशी प्रतारणा नको म्हणून खुलासा केला. गोतिल्ला हे घराण्याचे नाव. काशम्मा, अक्कम्मा या साक्षी. शरणप्पांचा क्रोटनही गोतिल्ला. नळाजवळचा शोध चालू आहे. बोलताना सौ.कडे नजर गेली. ती मान हलवत होती. मी तो दुजोरा समजलो.

साहेबांनी विचारले, “तुम्हाला कानडी येतं?”

म्हणालो, उत्तम.

मग ते माझ्याशी कानडीत बोलले. वाक्य लांब होते. सूर प्रश्नाचा होता. मी “हौदु” म्हणालो, म्हणजे होय. ठसण्यासाठी पुन्हा एकदा म्हणालो. धोंडीराम खाली पाहत होता.

पहिले बक्षीस शरणप्पांच्या क्रोटनला.

वाटेत शरणप्पांना वाक्याचा अर्थ विचारला. ते बराच वेळ उपरणे झटकत राहिले. मग म्हणाले, “साहेब इच्चारले, हेडक्लार्कची जागा धोंडीरामला द्यावी असं तुमालाबी वाटतंय का म्हून. तुमी दोनदा व्हय म्हनला की.”



ता. १२ नोव्हेंबर

धोंडीरामची ऑर्डर निघाली. पेढे घेऊन आला. म्हणाला, तुमच्या शिफारशीमुळे झालं. पेढा खाल्ला.

सर्दी पूर्ण बरी झाली. फूल जवळून हुंगले. उंदीर नव्हता.

संध्याकाळी सौ. घागर घेऊन नळाकडे निघाली. काशम्मा जिन्यात बसली होती. सौ.ने वळून विचारले, “आता आपला स्वतंत्र नळ कधी?”

मी खरे ते उत्तर दिले. एकच शब्द. काशम्मा खूश झाली. सौ.ला खुणेने म्हणाली, आता यांना कानडी येऊ लागलं.