पाय न ठेवता एकोणीस मैल

वाकसई,
मार्गशीर्ष, मंगळवार, सन १९६६

तीर्थरूप विठाआक्कांना धाकट्या चिमाचा दंडवत. (दंडवत कागदावरच घालते. गुडघा धरलाय, जमिनीवर घालता येत न्हाई. आला असता तर घातला असता का, ते विचारू नका.) हितं सगळी खुशाल. तुमची खुशाली भिमाजीकडून कळली, म्हणजे खुशाली न्हाई असं कळलं. तुमचा हा लेक लोणावळ्याच्या बाजारात आमच्या हौशीरामाच्या सायकलदुकानात पंक्चर काढायला थांबला आन म्हणाला, आईचे दोन्ही गुडघे गेले, खाटेवरनं उतरत न्हाई. ऐकून वाईट वाटलं. (थोडं.) मान देऊन झाला. आता तू म्हणते, लिहायला सोपं पडतं.

नऊ वर्षांनी हिचं पत्र कसं, असं तुझ्या मनात येईल. मला कोणाची आठवण बिठवण आलेली न्हाई. घरात एक यंत्र आलंय, त्याचं सांगायचंय, आन शेजारच्या भागुबाईला सांगितलं तर ती गावभर भलतंच करते, म्हणून तुला.

झालं असं. भादव्यात गोठ्यात शेणावरनं पाय घसरला आन उजवा गुडघा भोपळ्याएवढा झाला. लोणावळ्याचा डाक्टर नुकता मिसरूड फुटलेला. तो म्हणाला, आजी, गुडघ्यावर भार देऊ नका, पण पाय फिरता ठेवा, न्हाईतर आखडून बसाल. सायकल चालवता आली असती तर झाक झालं असतं. तो आपला बोलायचं म्हणून बोलला. पण शेजारी माझा लेक उभा. (नाव हौशीराम ठेवलं ही चूक माझीच, कोणाला बोलू?) ह्यानं खंडाळ्याला एका शेटच्या बंगल्यात साखळी बसवायला गेलता तवा एक सायकल बघितली होती. शेटचा म्हातारा बाप तिच्यावर मागं रेलून बसतो, पाय पुढं लांब करून तासभर पायडल मारतो, आन कुटंच पोचत न्हाई. पैसेवाल्यांना कुटं न जायला बी यंत्र लागतं. आमी नुसतं बसतो.

चार दिवसांत ह्यानं तसलीच जुळवली. आरामखुर्चीचं कापड, मोडक्या सायकलीचा सांगाडा, एक चाक अधांतरी टांगलेलं, आन पायडल बुडाखाली न्हाई तर पार पुढं, नाकासमोर. बाळंतिणीवानी टेकायचं आन समोर लाथा मारायच्या. वर शोभेला भंगारातल्या फटफटीचा मैलाचा काटा जोडला. त्यात आधीचेच एकोणचाळीस हजार मैल दिसत होते. म्हणजे मी बूड टेकायच्या आधीच एवढी हिंडून आलेली. मी म्हणाले, एवढ्यात तर काशी झाली असती की रं. तर म्हणतो, आई, जुने सोडून दे, तू तुझे नवे मोज, रोज दोन मैल. मी म्हणाले, दोन मैल कुटं? म्हणाला, कुटंच न्हाई. म्हणाले, मग यायचं कधी परत?

आता ही ठेवायची कुटं. खाटेपेक्षा लांब, म्हशीपेक्षा अडेल. एक पडवीच काय ती मोकळी. पण टेकून बसलं की पाय कोणाकडं तरी होणारच. पश्चिमेला देव्हारा, तिकडं पाय करता येत न्हाईत. उत्तरेच्या भिंतीला ह्यांचा फोटो. (हयात असताना ह्यांच्यापुढं कधी पाय पसरले न्हाईत. पसरले असते तर बरं झालं असतं, पण आता उशीर झाला.) राहिली दक्षिण. दक्षिणेला पाय मेलेल्याचे करतात हे मला ठाऊक होतं, पण हौशीराम म्हणाला, असलं काय मानू नको, आन एकदा तसं बी बसून बघितलं. पहिल्याच दुपारी दहा फेरे मारले आन डोळा लागला. तोंड उघडं, पाय दक्षिणेला, हात खाली लोंबते. तेवढ्यात भागुबाई विरजण मागायला आली. तिनं जो गळा काढला, तो ऐकून अर्धी वाकसई पडवीत. मी जागी झाले तर एक जण म्हणतोय, लय सोसलं बिचारीनं, आन दुसरा म्हणतोय, बांबू कोणाकडं हायेत? मी म्हणाले, माझ्या परसात हायेत, पण हात लावशील तर याद राख. विरजण नेलं न्हाईच तिनं. वर सांगत फिरते की मी हाक मारली म्हणून चिमाबाई माघारी आली.

त्या दिवशी सायकलीचं तोंड पूर्वेला केलं. पूर्वेला दार, दारापुढं सडक, सडकेनं सरळ गेलं की कामशेत, वडगाव, तळेगाव, आन मग बेगडेवाडी, तिथं तू. तुझ्याकडं पाय करायला मला काही वाटलं न्हाई. तू विसरली असशील, मी न्हाई. तुझ्या लेकीच्या लग्नात मी डोक्यावर पोतं घेऊन आंबेमोहर आणला, आन तू भर मांडवात मूठ नाकाला लावून म्हणालीस, ह्याला वास कुटाय गं? शंभर माणसं हसली. मी तिथंच सांगितलं, आता तुझ्या दारात पाय ठेवीन तर नावाची चिमा न्हाई. न जेवता परत आले. नऊ वर्षं झाली, ठेवला न्हाई. शब्द म्हणजे शब्द.

पण रोज त्या दिशेला लाथा मारायच्या, आन काट्यावर मैल पडायचे, तर माणूस मोजणारच. चौथ्या दिवशी कामशेत ओलांडलं. माझी सून मुक्ता (कामाला बरी, तोंडानं माझ्यावर गेलीय) चूल सोडून ओरडली, आत्याबाई, कामशेत आलं, उतरता का च्या घ्यायला? मी म्हणाले, पुढच्या टेसनाला. सहाव्या दिवशी वडगावात माझा पदर चाकात गेला, साखळी तुटली, आन हौशीरामाला दुकानातून वेळ न्हाई, म्हणून दोन दिवस वडगावातच मुक्काम पडला. मुक्तानं तिथं भाकरी आणून दिली. म्हणाली, परक्या गावात उपाशी बसू नका. भागुबाई परसातनं हाक मारून विचारायची, चिमाबाई कुटाय? आन मुक्ता सांगायची, वडगावला. भागुबाई खरंच वडगावच्या कोणाला तरी माझी विचारपूस करून आली म्हणे.

तळेगाव गेलं. घोरावाडी गेली. हौशीराम म्हणाला होता, विठामावशीचं दार एकोणीस मैल. गेल्या शनवारी, दिवस कलताना, जुने मैल सोडून काटा एकोणिसावर आला.

मी थांबले. घाम सुटला होता. आक्का, मी तुझ्या दारात होते. पाय जमिनीला लागला न्हाई, दोन्ही पायडलवर, वीतभर अधांतरी. शब्द मोडला न्हाई. आन तू साधं पाणी विचारलं न्हाईस.

मी तसंच म्हणाले मुक्ताला. म्हणाले, बघ, एकोणीस मैल आले आन ही खाटेवर पडून. ती आत गेली, तांब्या घेऊन आली, माझ्या हातात दिला आन म्हणाली, घ्या, मावशींनी दिलंय. (माझ्या घरचं खाऊन ही तुझी बाजू घेते.) ढकलून देणार होते, पण तहान लागली होती. प्याले.

तर सांगायचं एवढंच, की यंत्र चांगलंय. गुडघा आता वळतो, चार पायऱ्या चढते. आपल्या दोघींत मिळून चार गुडघे, त्यातले दोन चालतात, आन ते दोन्ही माझे. म्हणजे येणं कोणाला जमेल ते उघड हाय. पण मी येणार असं कोणी म्हणालेलं न्हाई. भिमाजीला आशीर्वाद. उत्तर दिलं न्हाईस तरी चालेल, तुला सवय हाय.

तुझी,
चिमाबाई

ता. क. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं देहूरोडला उतरते. भिमाजीला बैलगाडी घेऊन धाड. आन दोन दांडगे गडी दारात ठेव. सोबत आरामखुर्ची आणतेय, तिच्यात बसवून मला उंबऱ्यावरनं उचलून आत न्यायचं. पाय मी ठेवणार न्हाई. आत गेल्यावर बघू.

आणखी ता. क. हौशीराम तुझ्यासाठी दुसरी सायकल जुळवतोय. तिचं तोंड पश्चिमेला ठेव. देव्हारा आड येत असेल तर देव हलव. माझ्याकडं पाय केलेस तर मी काही म्हणणार न्हाई, पण रोज दोन मैल झाले पाहिजेत.

शेवटचं. तांदूळ आणतेय, औंदाचा, कालच उखळात सडलेला. त्या वेळचा मागल्या सालचा होता. वास नव्हताच. पण ते मांडवात म्हणायचं न्हाई गं, स्वयंपाकघरात म्हणायचं.