सासरेबुवांचा लेथ आणि हिरवं पाकीट

२९ जुलै
सासरेबुवा काल जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड. ऑपरेशन ठीक झालं. भूल उतरल्यावर पहिला प्रश्न मुलीला नाही, मला. म्हणाले, अरे वन-पिन, लेथ बघशील ना? तो फिरतोय तोवर मी आहे. मी म्हटलं, आबा, निश्चिंत राहा.
घरामागच्या शेडमध्ये या लेथवर, कातायच्या यंत्रावर, त्यांनी जन्मभर सायकलचे भाग कातले. मी जन्मभर विमा कंपनीत कारखान्यांतल्या अपघातांच्या फायली वाचल्या. म्हणजे यंत्रांची माहिती मलाच जास्त. उद्यापासून रोज पुसणे, तेल देणे, थोडा फिरवणे. सोपं आहे.

३० जुलै, सकाळी
चकमध्ये, म्हणजे काम पकडणाऱ्या फिरत्या जबड्यात, चावी तशीच राहिली होती. मी बटण दाबलं. चावी माझ्या कानाजवळून गेली आणि छपराचा पत्रा फोडून बाहेर पडली.
बायकोला सांगितलं नाही. भोकातून उजेड छान येतो. शेडमधून लगेच बाहेर आलो ते आमच्या फंगयुआनच्या उकाड्याने.

१ ऑगस्ट
विचारांती ठरवलं: रोज फिरवल्याने झीज होते. नवीन पद्धत, दारातून निरीक्षण. शिवाय गिअरच्या झाकणावर हिरवं पाकीट ठेवलं, नारळाच्या चवीच्या कुरकुरीत खाऊचं. खाऊच्या नावाचाच अर्थ ‘शहाण्यासारखं वाग’, म्हणून आमच्याकडे बँकेच्या कॉम्प्युटरपासून दवाखान्याच्या एक्स-रेपर्यंत सगळी यंत्रं त्या पाकिटापुढे शहाण्यासारखी वागतात. लाल-पिवळं चालत नाही, तारीख उलटलेलं तर मुळीच नाही. तारीख दोनदा बघितली. आता काळजी नाही.

४ ऑगस्ट
चांद्र पंचांगातला सातवा महिना लागला. पाताळाचं दार उघडलं, मेल्यावरही भूक न भागलेली भाऊमंडळी महिनाभर मोकळी. त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारायची नसते. लिहायचंही नसतं. अशा दिवसांत यंत्र सुरू करणं बरं नव्हे. मला काय, मी तयार होतो.

८ ऑगस्ट
लेथचा बेड, खालचा लोखंडी पाया, तांबूस दिसतोय. गंज? छे, प्रकाशाचा खेळ. भोकामुळे.

९ ऑगस्ट
गंजच आहे. मशीनच्या तेलाचा डबा लेथखाली. तो काढायचा तर डोकं चकजवळ न्यावं लागतं. डोकं चकजवळ नेणाऱ्यांच्या फायली मी वाचल्यात. म्हणून स्वयंपाकघरातलं काळ्या तिळाचं तेल घेतलं, झाडूच्या दांड्याला ब्रश बांधला आणि लांबूनच भरपूर चोपडलं. तेल ते तेल.

१२ ऑगस्ट
माझी बायको सू-च्वान ओट्यापाशी ओरडत होती. मैत्रिणीची सून बाळंत झालीय, तिळाच्या तेलातली कोंबडी न्यायचं कबूल केलंय, आणि बाटली रिकामी! महिनाभर बाळंतिणीला दुसरं काय घालायचं, पाणी? मी म्हटलं, यंदा ऊन फार, उडून गेलं असेल. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिने असं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

१५ ऑगस्ट
हॉस्पिटल. सासरेबुवा जेवत नाहीत. पेजेचे दोन चमचे, मग भिंतीकडे तोंड. डॉक्टर म्हणाले, हाड जुळतंय, माणसालाच इच्छा नाही. सासरेबुवांनी विचारलं, लेथ फिरतोय? मी म्हटलं, भिंगरीसारखा. त्यांनी डोळे मिटले. हात केवढासा झालाय.
मला भीती वाटते. चावीची नाही. लेथ थांबलाय हे त्यांना आतल्या आत कळलं असेल तर?
उद्या नक्की सुरू करतो.

१६ ऑगस्ट
पाऊस. विजेचा धोका.

१८ ऑगस्ट
भाऊमंडळींचा मोठा दिवस. शेडच्या दाराशी टेबल मांडलं. फळं, नूडल्स, बिअर, उदबत्त्या. हात जोडले आणि आतून आवाज आला. गिअरच्या झाकणामागून. खर्र. खर्र. प्लग तर मी काढून ठेवला होता! बघतो तर पाकीट फाटलेलं, आत एक दाणा नाही.
एक चप्पल तिथेच राहिली. उद्या आणतो.

२० ऑगस्ट
नवं पाकीट. काठीने सरकवलं.

२१ ऑगस्ट
रिकामं. सू-च्वान म्हणाली, एवढी पाकिटं खातो कोण? मी म्हटलं, यंत्र. ती माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, हो का.

३ सप्टेंबर
महिना संपला. पाताळाचं दार बंद. खर्र मात्र चालूच. म्हणजे एक भाऊ आपल्याकडेच राहिला. सासरेबुवांना चंद्राच्या सणाला घरी सोडणार. तोवर सगळं आटोक्यात आणतो.

१६ सप्टेंबर
आणलं नाही. पाकिटं मात्र नियमित बदलली.

१७ सप्टेंबर
सासरेबुवा आले. पपनस सोलून दिलं, सणाचा केक दिला, शिळ्या गप्पा काढल्या. ऐकेनात. व्हीलचेअर थेट शेडकडे. बेडवर बोट फिरवलं. बोट चिकटलं. हुंगलं. छपराकडे बघितलं. मी म्हटलं, आबा, मी खोटं बोललो. पहिल्या दिवसानंतर एकदाही फिरवला नाही. भीती वाटते मला त्याची. आणि आत कोणीतरी आहे.
ते म्हणाले, झाकण काढ.
मी डोळे मिटून काढलं. हिरव्या पाकिटांच्या चिंध्यांचं घरटं. त्यात उंदरीण आणि गुलाबी पिल्लं.
सासरेबुवा खाली वाकले. खांदे हलायला लागले. मला वाटलं, गेले. मी सू-च्वानला हाक मारली. ती धावत आली. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी. मग म्हणाले, सू-च्वान, बघ गं तुझा नवरा! तिळाचं तेल काय, खाऊ काय, बाळंतिणीला काही कमी पडू दिलं नाही!
मी म्हटलं, आत्ता बाहेर काढतो.
एकदम खेकसले, हात लावू नकोस! बाळंतीण आहे. महिना पुरा होऊ दे. मग ती जाईल, मी लेथ धुईन आणि मीच सुरू करीन.
रात्री सासरेबुवांनी दोनदा भात मागून घेतला. सू-च्वान ओट्याकडे तोंड करून रडली.
एकंदरीत माझी योजना यशस्वी.

१८ सप्टेंबर, सकाळी
जाग आली तर उशीपाशी हिरवं पाकीट. सासरेबुवांनी ठेवायला सांगितलं, असं सू-च्वान म्हणाली.
तारीख बघितली. पुढच्या वर्षीपर्यंत चालेल.