आईचं लुगडं

टोरांटो

प्रिय धर्मादादा,
तुला आणि कमळवहिनीला इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. टोकावड्याला थंडी पडली का? तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर तू म्हणालास, "आई गेल्यापासून म्हस दूध देत नाय गो. कमळ आईचं लुगडं नेसून बसली, तवा कुठं पान्हा सोडला." आपण खूप हसलो.

माझी लेक मिताली सांगते, संशोधकांनी पाहिलंय, गुरं माणसाला चेहऱ्यावरून, वासावरून ओळखतात. सवयीचं माणूस दिसलं नाही की दूध चोरतात.

आठवण म्हणून ते लुगडं मी मागितलं होतं ना, ते पाठवू नकोस. वहिनीला सांग, धुऊही नको, आईचा वास जाईल. निदान म्हशीकडे तरी आई रोज येऊ दे.

तुझी,
सुलू